सातशे टनांची धाव

त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत, की १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्जला त्यांच्यासाठी एकच उपमा सुचली: दोनशे फूट उंच भिंतीला लावलेली शिडी. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना हात रोवायला खोबण्या आहेत. तिथं माणूस चालत नाही, हातापायांवर चढतो. आता पावसाळ्यातल्या रविवारी तिथं रांग लागते आणि खालचा वरच्याच्या बुटांकडे बघत आपली पाळी येण्याची वाट पाहतो.

त्या रांगेतला एक ६० किलोचा माणूस घेऊ. तो एक पाय वरच्या पायरीवर टेकवतो आणि त्या पायावर अंग उचलतो. त्या क्षणी त्याच्या गुडघ्यावर किती भार असेल? झटकन तोंडात येतं, ६० किलो. गुडघ्याखालचा पाय वगळला तर थोडा कमीच. खरा आकडा १९० किलोच्या घरातला आहे.

हे कागदावरचं गणित नव्हे. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भार मोजणारी यंत्रणा आणि बिनतारी संदेश पाठवणारा छोटा प्रक्षेपक बसवला. ज्यांचा गुडघा बदलायचाच होता अशा पाच रुग्णांनी हे सांधे पायात घेतले, आणि माणूस चालताना, उठताना, जिना चढताना गुडघ्याच्या आत काय चाललंय ते थेट पडद्यावर दिसू लागलं. २०१० साली ते आकडे प्रसिद्ध झाले. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के भार. खुर्चीतून उठताना २४६ टक्के, आणि तोही प्रत्येक गुडघ्यावर. जिना चढताना ३१६ टक्के. उतरताना ३४६.

शेवटचा आकडा सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या उतरलेल्या कुणालाही नवा वाटणार नाही. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलू लागतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला अंगाचा ब्रेक व्हावं लागतं. तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना पाहून जी धडकी भरते ती त्याच्याचमुळे.

बर्लिनमधला जिना नेहमीच्या बेताचा होता. हरिहरची पायरी त्याहून उंच आणि झिजलेली, म्हणजे तिथला आकडा आणखी चढाच असणार. तरी बर्लिनचाच धरू, आणि पायऱ्याही मोजायला सोप्या जाव्यात म्हणून शंभरच धरू. चढताना शंभर वेळा १९० किलो, म्हणजे १९ टन. उतरताना शंभर वेळा २०८ किलो, जवळजवळ २१ टन. मिळून ४० टन, आणि हा फक्त पायऱ्यांचा हिशेब. पायथ्यापासूनची वाट यात धरलेलीच नाही. दर पावलाचा सर्वांत मोठा भार असा एकावर एक रचून बेरीज मांडली तर भौतिकशास्त्राचे सर गुण कापतील, हे कबूल. पण दोन्ही गुडघ्यांना मिळून एका दुपारी काय काय सोसावं लागतं याचा अंदाज यायला ती पुरते.

प्रश्न उरतो तो वरच्या १३० किलोंचा. माणूस ६० किलोचा, पाठीवर पिशवीसुद्धा नाही, मग बाकीचं वजन आलं कुठून?

ते त्याच्याच स्नायूंनी टाकलं. गुडघा वाकलेला असताना अंगाचं वजन सांध्याच्या बरंच मागे पडतं आणि गुडघा आणखी दुमडू पाहतं. त्याला अडवणारा मांडीचा स्नायू वाटीवरून खाली नडगीला जाऊन ओढतो, पण सांध्याच्या मध्यापासून त्याला मिळणारं अंतर जेमतेम ४-५ सेंटिमीटर. अंतर तोकडं, म्हणून ओढ कितीतरी मोठी लावावी लागते. आणि स्नायू ओढतो तेव्हा ज्या दोन हाडांना तो जोडतो ती एकमेकांवर दाबली जातात. आपल्या हाडांवरचा सर्वांत मोठा बोजा बाहेरून येतच नाही. तो आतूनच पडतो, आणि आपण जितका जोर लावू तितका वाढतो.

कोपरावर हे अधिक स्वच्छ दिसतं. हात काटकोनात दुमडून तळहातावर १० किलोची पाण्याची कळशी धरा. कळशी कोपरापासून साधारण ३५ सेंटिमीटरवर आहे. दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून ५ सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेला. सातास एक असं प्रमाण. १० किलो पेलायला स्नायूला ७० किलोंनी ओढावं लागतं, हाताचं स्वतःचं वजन वेगळंच. ७० किलो वर ओढतात, १० खाली, उरलेले ६० किलो कोपराच्या सांध्यात दाब म्हणून जिरतात.

असला तोट्याचा व्यवहार शरीरानं का केला? कारण स्नायूकडे जोर भरपूर आहे, लांबी नाही. स्नायूतंतूच्या आत सार्कोमिअर नावाचे खंड एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक अडीच मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरमध्ये चारशे. १० सेंटिमीटर लांबीच्या तंतूत असे ४०,००० खंड रांगेत उभे. प्रत्येक खंड अर्धा मायक्रॉन आखडला की अख्खा तंतू २ सेंटिमीटर आखडतो. एवढ्याशा २ सेंटिमीटरमध्ये माणूस पायरी कशी चढणार? म्हणून स्नायू सांध्याच्या अगदी जवळ बांधला आहे. सांध्यापासून ४ सेंटिमीटरवर २ सेंटिमीटरची ओढ बसली की ४० सेंटिमीटर लांब नडगीचं दुसरं टोक २० सेंटिमीटर सरकतं. जोर देऊन अंतर विकत घेतलं, आणि अंतराबरोबर वेगही आला. चेंडू फेकणारा हात, उडी मारणारा पाय हे सगळं या सौद्यावर उभं आहे. किंमत सांधे भरतात.

आणखी आत गेलं तर आकडे हाताबाहेर जातात. सार्कोमिअरमधल्या प्रत्येक जाड तंतूवर मायोसिन या प्रथिनाची सुमारे ३०० डोकी असतात. प्रत्येक डोकं शेजारच्या बारीक तंतूला पकडतं, ५ ते १० नॅनोमीटर ओढतं, सोडतं, पुन्हा पकडतं. केसाच्या जाडीत अशा आठ-दहा हजार ओढी सहज बसतील. एका ओढीला एटीपीचा, म्हणजे पेशींच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च होतो. आता हरिहरची पायरी एक फूट उंच धरून हिशेब केला, तर ६० किलोचं अंग तेवढं उचलायला सुमारे १८० जूल काम लागतं, आणि त्यासाठी स्नायूंना एटीपीचे जवळपास ४ वर २१ शून्यं इतके रेणू मोडावे लागतात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत दिलेली यादी परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. एका पायरीला असे चाळीस हजार परार्ध रेणू.

वजनात पाहिलं तर हे साडेतीन-चार ग्रॅम एटीपी होतं. अख्ख्या शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास, काहींच्या हिशेबानं त्याहून कमीच. म्हणजे हरिहरच्या शंभर पायऱ्यांना साठ्याच्या तिप्पट-चौपट एटीपी लागतं. मोडलेला रेणू लगेच पुन्हा जोडायचा, पुन्हा मोडायचा, एवढ्यावरच ही उसनवारी चालते. दिवसभरात माणूस साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी असं फिरवतो, काही विशेष न करता.

हरिहरच्याच त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बायका ही तरफेची गणितं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाहतात. पाण्यानं भरलेला हंडा हातात लांब धरला तर सातपट, कमरेवर घेतला तर खुब्याच्या स्नायूंना दुसऱ्या बाजूनं ओढून तोल सांभाळावा लागतो. डोक्यावर ठेवला की वजन मानेच्या सात मणक्यांच्या बरोबर रेषेत येतं, तरफेचं अंतर जवळजवळ शून्य, आणि १५ किलोचे १५ किलोच राहतात. केनियातल्या लुओ आणि किकुयु बायकांवरचा एक अभ्यास १९८६ साली ‘नेचर’मध्ये आला होता. अंगाच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावरून किंवा कपाळावरच्या पट्ट्यानं नेताना त्यांच्या शरीराचा प्राणवायूचा खर्च मोकळं चालण्यापेक्षा वाढतच नव्हता. फुकट वाहतूक म्हणायची. पण ४५ किलोच्या बाईला हे फुकटचं ओझं ९ किलोंवर संपतं. १५ लिटरचा हंडा त्याच्या पुढचा, आणि दोन हंड्यांची उतरंड तर त्याच्या कितीतरी पुढची. मान सरळ रेषेत वाचते, गुडघा वाचत नाही. त्याच्यासाठी हंड्याचा प्रत्येक किलो चढावर तीन किलोंच्या हिशेबानं येतो. त्र्यंबक तालुक्यातल्याच शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडावरून हंडे नेतानाचे फोटो राज्यभर फिरले आणि २०२२ साली तिथं लोखंडी पूल आला. त्या फोटोंकडे बघून तोल सांभाळण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हा तिपटीचा हिशेबही शेजारी मांडून पाहावा.

निफाड-दिंडोरीकडे बोजा डोक्यावरून हातात उतरतो. द्राक्षाच्या हंगामात साधारण वीस किलोची क्रेट दिवसभर बागेतून गाडीपर्यंत जात असते. वीस किलो उचलताना कमरेत काय होतं हेही मोजलेलं आहे. जर्मनीतल्या उल्मच्या हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीत दाब मोजणारा बारीक संवेदक बसवला आणि १९९९ साली निष्कर्ष छापले. पडून असताना चकतीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. नुसतं उभं राहिलं की ५. वीस किलो वजन छातीशी धरलं की ११. गुडघे वाकवून तेच वजन जमिनीवरून उचललं तर १७. पाठ कमानीसारखी वाकवून उचललं तर २३. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन किलोंच्या आसपास हवा असते, म्हणजे हा त्याच्या दहापट दाब, आणि तोही पाण्यानं फुगलेल्या एका मऊ गादीत. माणूस एकच होता, तेव्हा दुसऱ्याच्या कमरेत आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण क्रेटचं वजन तेच असताना ते धरण्या-उचलण्याच्या नुसत्या पद्धतीनं दाब दुपटीच्या वर कसा बदलतो, हे एका माणसातूनही पुरेसं दिसतं. २३ पैकी क्रेटचा वाटा थोडाच. बाकी बहुतेक पाठीच्या कण्याला लागून असलेल्या स्नायूंचं काम. चकती रात्रभर पाणी शोषून पुन्हा फुगते, म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो आणि दिवसभरात तेवढे दबतो.

एवढं सगळं सोसणारी वस्तू काय आहे? २०६ हाडं, त्यातली १०६ फक्त हातापायांच्या पंजांत. उभ्या दाबाखाली हाडाचा चौरस सेंटिमीटरभर तुकडा १,७०० ते २,००० किलो पेलतो. घराच्या स्लॅबला वापरतात ते एम-२० काँक्रीट तेवढ्याच क्षेत्रावर २०० किलोंच्या हिशेबानं धरतात. ताणाला हाड जरा कच्चं, पिळाला आणखी कच्चं. हाडांच्या टोकांवरची कूर्चा गुडघ्यात २ ते ४ मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. तिला वंगण घालायला गुडघ्यात जेमतेम चमचाभर द्रव, तोही पुरता चमचा नाही. तरी त्या सांध्याचं घर्षण बर्फावर बर्फ घासावा त्याच्याहून कमी. कूर्चेतलं पाणी भाराखाली दाबलं जातं आणि भार मुळात तेच उचलतं. पाय उचलला की पाणी परत आत शिरतं आणि येताना पोषण घेऊन येतं. न चालणाऱ्या गुडघ्याची कूर्चा उपाशी राहते ती यामुळे.

हाडाचं वागणं तर याहून चमत्कारिक. ज्या संस्थेत ते बर्लिनचे गुडघे मोजले गेले, तिला युलियस वोल्फ यांचं नाव आहे. हाड भार पाहून आपली घडण बदलतं, असं या वोल्फनी १८९२ सालीच मांडलं होतं. प्रौढ माणसाचा दरवर्षी साधारण दहावा हिस्सा सांगाडा मोडून नव्यानं बांधला जातो, आणि नव्या बांधकामाचा नकाशा स्नायूंची ओढ ठरवते. व्यावसायिक टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हातात दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सरासरी ३५ टक्के जाड सापडली. उलट अंतराळवीराचं खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का विरघळतं. तिथं त्याला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त स्नायूंना ओढायला काही उरत नाही.

सायकल मात्र याच स्नायूंना कामाला लावते आणि सांध्यावर दया करते. बर्लिनच्या त्याच गुडघ्यांनी व्यायामाच्या सायकलवर बेताच्या जोरानं पाय मारले तेव्हा भार अंगाच्या वजनाच्या १२० टक्क्यांच्या आसपास भरला, जिन्याच्या निम्म्याहून कमी. गुडघेदुखीच्या पेशंटला डॉक्टर सायकल का सुचवतात ते यात आलं. नाशिकनं या वाहनाचं जरा अतीच मनावर घेतलं म्हणायचं. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीनं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पुरी केली आणि २०१७ साली नाशिकचेच लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्यानं, ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत संपवली. पावणेपाच-पाच हजार किलोमीटर. एका फेऱ्याला सहा मीटर धरले तरी पायडलचे आठ लाख फेरे. एवढ्या पायऱ्या चढायला सांगितल्या असत्या तर पहिल्याच दिवशी गुडघ्यांनी संप केला असता.

धावणं या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला. सायकलीवर पाय पायडल सोडत नाही. धावताना दर पावलाला दोन्ही पाय जमीन सोडतात आणि अंग खाली पडतं. पाय टेकतो तेव्हा जमीन अंगाच्या वजनाच्या अडीचपट जोरानं उलट ढकलते, आणि हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात उरकतं. टाचेच्या वरची स्नायूबंधाची दोरी तरफेच्या त्याच नियमानं सहा ते आठपट ताण घेते. ५० किलोच्या बाईच्या टाचेवर ३०० ते ४०० किलो, करंगळीएवढ्या दोरीत. पण ही दोरी तो सगळा ताण वाया घालवत नाही. १९८७ साली केर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या हिशेबात, ७० किलोच्या धावणाऱ्या पुरुषाच्या प्रत्येक पावलात सुमारे १०० जूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातले ३५ जूल टाचेची दोरी ताणून साठवते आणि परत करते, आणखी १७ जूल तळपायाची कमान. निम्मी धाव स्नायूंना न विचारता होते.

त्र्यंबक तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच धावायची. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती लांब पल्ल्याची धावपटू झाली, आणि पेपरांनी तिला ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ केलं. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिनं ब्राँझ मिळवलं. राष्ट्रकुलच्या ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेच अंतर ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत कापलं. ट्रॅकच्या २५ फेऱ्या, सेकंदाला सव्वापाच मीटर, आणि तेही अर्धा तास सलग.

मिनिटाला १८० पावलं धरली, आणि या दर्जाच्या धावपटू त्याहून कमी टाकत नाहीत, तर ती शर्यत साधारण ५,७०० पावलांची. एक पाऊल पावणेदोन मीटरचं. वजन हिशेबाला ५० किलो धरलं तर दर पावलाला १२५ किलो. सबंध शर्यतीत तिच्या पायांनी जमिनीकडून घेतलेला भार ७०० टनांच्या पुढे जातो, आणि टाचेच्या दोऱ्यांचा ताण सहापटीनं मोजला तर १,७०० टनांच्या. बेरीज तीच मघाची, गुण कापले जाणारी. पण हे टन सोसणारा प्रत्येक पंजा २६ हाडांचा.

सुवर्ण मिळालं प्रीजा श्रीधरनला, ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत. कविताला रौप्य. फरक ०.९७ सेकंदाचा, म्हणजे त्या वेगात पाच मीटर, सुमारे तीन पावलं. सातशे टनांतले पावणेचारशे किलो.